स्वस्त दुर्बिणीची काच दुकानात कशी पारखायची? (बजेट १२ हजार, चष्मा आहे)

नमस्कार मंडळी,

दुर्बिणीच्या बाबतीत एकदा हात पोळले आहेत, पुन्हा पोळायचे नाहीत म्हणून हा धागा.

जानेवारीत भिगवणला पक्षी बघायला गेलो होतो. कुंभारगावातून पहाटेच होडी घेतली. गळ्यात नवीकोरी २०×५० दुर्बीण (म्हणजे २० पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिमीचं), ऑनलाइन ३२०० रुपयांना घेतलेली. खोक्यावर 'एचडी', 'नाइट व्हिजन' असं काय काय छापलेलं आणि पुढची भिंगं माणकासारखी लालभडक. घरच्या गच्चीवरून लांबच्या टाकीवरचं कंपनीचं नाव वाचता आलं होतं, त्यामुळे स्वारी खूश.

होडीत सगळं पितळ उघडं पडलं. पट्टकादंबांचा थवा म्हणजे नुसते थरथरणारे राखाडी ठिपके. होडी हलतेय, हात हलतायत, आणि ते हलणंही कित्येक पटींनी मोठं होऊन दिसतंय. दहा मिनिटांत डोळ्यांच्या मागे ठणका. होडीवाल्या दादांनी माझी गंमत बघितली आणि स्वतःची जुनी ८×३० पुढे केली. रबर निघालेलं, पट्ट्याच्या जागी सुतळी. पण तिच्यातून पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्वच्छ दिसले, अगदी मोजून घ्यावेत असे. तेव्हापासून माझी दुर्बीण कपाटात आहे.

आता १२ हजारांपर्यंत जायची तयारी आहे. वाचून एवढं कळलंय की पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट केलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाचा व्यास मिळतो. म्हणजे ८×४२ ला सव्वापाच मिमी, माझ्या २०×५० ला अडीच. पहाटेच्या अंधुक उजेडात बाहुली मोठी होते, तिथे अडीच मिमी म्हणजे उपासमारच. हे गणित समजलं. पण दोन ८×४२ शेजारी ठेवल्या, एक सहा हजारांची आणि एक बाराची, तर वरच्या सहा हजारांत काचेत नक्की काय मिळतं? दुकानात पाच मिनिटांत ते कसं ओळखायचं? दुकानदार दार लावून एसीत बसलेला असतो आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दाखवतो. त्यात सगळ्याच चांगल्या दिसतात हो!

चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे साडेचार.

प्रतिसाद १

कॅलेंडर बघूच नका, बाहेर रस्त्यावर या. विजेच्या तारेवर कोतवाल बसलेला असतोच कुठेतरी. पांढऱ्या आकाशापुढे काळा पक्षी ही काचेची सगळ्यात कडक परीक्षा. त्याच्या कडेला जांभळी किंवा हिरवी किनार दिसली तर रंग एका जागी जुळत नाहीयेत. या बजेटमध्ये थोडी किनार राहणारच, पण ती मधोमध दिसत असेल तर परत करा. कोतवाल नसेल तर नुसती तारही चालेल. दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन्ही बाजूंना तार एकाच उंचीवर दिसली पाहिजे. वरखाली दिसली तर दोन नळ्या जुळलेल्या नाहीत. तुमचा ठणका बहुधा तिथलाच.

मग ट्यूबलाइटखाली भिंग तिरपं धरून प्रतिबिंबं बघा. हिरवट-जांभळी आणि मंद असतील तर उत्तम. आत कुठे लख्ख पांढरी नळी चमकली तर त्या काचेला लेपच नाही. उघड्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो. दहा पृष्ठभाग धरले तर तिसरा हिस्सा वाटेतच गेला. चांगल्या बहुस्तरीय लेपात तोच तोटा पाचेक टक्क्यांवर येतो. म्हणून 'फुली मल्टिकोटेड' (सगळ्या पृष्ठभागांना बहुस्तरीय लेप) हे दोन शब्द वाचा. नुसतं 'कोटेड' म्हणजे एखाद्या भिंगाला रंग फासलाय इतकंच. लालभडक लेपाबद्दल तर न बोललेलं बरं.

आणि सरळ नळीच्या सडपातळ दुर्बिणीला भुलू नका. तिच्या लोलकांना (प्रकाश वळवणाऱ्या आतल्या काचांना) फेज कोटिंग नावाचा वेगळा लेप लागतो, त्याचे पैसे पडतात. जुन्या पद्धतीच्या, खांदे असलेल्या पोरो दुर्बिणीला तो लागतच नाही. त्यामुळे तेवढ्याच पैशांत पोरोची काच सरस निघते. निकॉनची अ‍ॅक्युलॉन ८×४२ बघा.

एक गृहपाठ देतो. तुमची २०×५० उजेडाकडे हातभर लांब धरा आणि मागच्या काचेतला उजळ गोल पट्टीने मोजा.

प्रतिसाद २

थांबा, त्यांना चष्मा आहे! अ‍ॅक्युलॉनचं आय रिलीफ (मागच्या काचेपासून डोळा जितका लांब ठेवून पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर) १२ मिमी आहे. चष्मा लावून निम्मं दृश्य कापलं जाईल. चष्मेवाल्यांनी १५-१६ च्या खाली जाऊ नये. नुसता उणे नंबर असेल तर चष्मा काढून फोकसने भागतं, सिलिंडर (तिरपा नंबर) असेल तर नाही. तसंही चष्मा काढला की पक्षी कुठल्या फांदीवर आहे तेच दिसत नाही, मग दुर्बीण लावायची कुठे? स्वानुभव.

अजून एक. पोरोत बहुतेक वेळा पाणी-वाफ शिरते. कोकणात जाणार असाल तर नायट्रोजन भरलेली घ्या, नाहीतर पावसाळाभर सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुरशी लागली की काच कितीही भारी असो, उपयोग शून्य.

धागाकर्ता

गृहपाठ केला. गोल अडीच नाही, चार मिमी भरला! म्हणजे ५० भागिले ४, साडेबारा पट. वीस कुठले! शिवाय तो गोलही नाही, चारी बाजूंनी कापल्यासारखा चौकोनी आहे.

प्रतिसाद १

चौकोनी म्हणजे लोलक बीके-७ या स्वस्त काचेचे, कडेचा प्रकाश गळतोय. बीएके-४ या सरस काचेचे असते तर स्वच्छ गोल दिसला असता. आणि आतल्या कड्याने पुढचं भिंग झाकलेलं असेल तर साडेबाराही नाही, त्याहून कमीच.

धागाकर्ता

सिलिंडर नंबर आहे, पाऊण. म्हणजे अ‍ॅक्युलॉन बाद. आता १६ मिमीच्या वरची, फुली मल्टिकोटेड ८×४२ शोधतोय. कोणी चष्म्यासकट या बजेटमध्ये वापरत असेल तर मॉडेल सांगा. रविवारी दुकानात जाईन, खिशात पट्टी घेऊन. समोर तार आहे का ते आधी बघून येतो.