मदत हवी आहे: मुलीच्या कानदुखीवर प्रतिजैविक लगेच द्यावे की थांबावे?

नमस्कार. आम्ही गोव्यात डिचोलीला राहतो. माझ्या सव्वातीन वर्षांच्या मुलीला पाच दिवस सर्दी होती आणि काल रात्रीपासून तिचा उजवा कान ठणकत आहे, ताप ३८.२ अंश सेल्सिअस आहे, कानातून पू येत नाही आणि पॅरासिटामॉल दिल्यावर ती खेळते, पेजही घेते. डॉक्टरांनी अ‍ॅमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक लिहून दिले, मात्र दोन वर्षांवरील मुलांचे असे सौम्य दुखणे बहुधा आपोआप बरे होत असल्याने ४८ ते ७२ तास वाट पाहावी आणि उतार न पडल्यासच ते सुरू करावे, असे सुचवले. सल्ला मला पटतो; पण रात्री दोन वाजता मूल कान धरून रडू लागले की पटलेले सारे डळमळते. सासूबाई लसूण घालून कोमट केलेले खोबरेल कानात घालायला सांगतात. पडद्याला छिद्र असल्यास तेल आत जाईल, म्हणून मी ते टाळले (त्यावरून घरात थोडा अबोला आहे, तो असो).

ज्यांनी अशी वाट पाहिली, त्यांनी नेमक्या कोणत्या लक्षणावर औषध सुरू केले? कानामागे सूज आल्यास थेट बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचे ठरवले आहे. पण केवळ ताप ३९ च्या वर गेल्यास रात्रीच निघावे का?