‘बँग’ला टिचकी म्हणावं का ठोका?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. पेटी शिकणाऱ्या मुलांसाठी ‘प्युअर डेटा’ची मराठी टिपणं करतेय, एकालाही कोडिंग येत नाही. मिलर पकेट यांचं फुकट सॉफ्टवेअर आहे, प्रोग्राम लिहायचा नाही, चौकोन मांडायचे, वायरींनी जोडायचे की आवाज येतो. ‘बँग’ला, म्हणजे चौकोनाला ‘आता चाल’ सांगणाऱ्या इशाऱ्याला, टिचकी केलंय, फ्रिक्वेन्सीला वारंवारता, आणि हॉट-कोल्ड इनलेटला, म्हणजे वायर जिथून चौकोनात शिरते त्या जागांना, गरम-थंड तोंड. चालेल ना?

– टिचकी नको हो ताई. टिचकी म्हणजे माउसचं क्लिक, आणि मेट्रोच्या चौकोनात ५०० (मिलिसेकंद) लिहून तो एकदा चालू केला की तो अर्ध्या अर्ध्या सेकंदाला आपोआप बँग पाठवत बसतो, तिथे कोण टिचकी मारतंय? ठोका म्हणा, घड्याळाचा असतो तसा.

– ठोका आवडला. पण गरम-थंड काढाच, पोरं विचारतील तापतं कशाने. बेरजेच्या चौकोनात उजवीकडचा आकडा नुसता साठतो, डावीकडे आला की उत्तर बाहेर पडतं, तर ‘साठवणारं’ आणि ‘चालवणारं’ म्हणा की सरळ.

– वारंवारता शाळेच्या विज्ञानातली, गाण्याच्या थिअरीत आंदोलनसंख्या. मी तर म्हणतो आधी दोन्ही नकोत, पट्टीपासून सुरू करा. एमटूएफच्या, म्हणजे सुराच्या क्रमांकाची वारंवारता काढणाऱ्या, चौकोनात ६० घातले की २६१.६ येतं, ती पांढरी एक, ६१ म्हणजे काळी एक, ६९ ला बरोब्बर ४४०. पोरं पेटीवर तो सूर धरतील, कॉम्प्युटरशी जुळवून बघतील, मग हा आकडा कसला हे तीच विचारतील, तेव्हा सांगा आंदोलनसंख्या. मात्र थिअरीच्या पुस्तकात सा २४० चा असतो, एखादं हुशार पोर तिथे अडवणार तुम्हाला 😄

– बडोद्यात राहून शब्दांची टंचाई? इथेच १९३१ साली आठ भाषांतला सयाजीशासनशब्दकल्पतरू निघालाय!

– काका, तो राज्यकारभाराच्या शब्दांचा, त्यात बँग कुठून सापडणार 😀 ठोका घेतला, साठवणारं-चालवणारं पण घेतलं. चौकोनातली नावं मात्र इंग्रजीतच ठेवतेय कारण टाइप तीच करायची, एक अक्षर चुकलं तर चौकोनाची कड तुटक दिसते आणि काही वाजत नाही. टिल्डेला काय म्हणू? सूर तयार करणाऱ्या ‘ऑस्क’ चौकोनाच्या नावापुढची ती नागमोडी रेघ, ती असली की वायरीतून सलग आवाज जातो, नसली तर सुटे आकडे, आणि मुलं हमखास विसरतात.

– ‘लाट’ म्हणा. ऑस्क-लाट, डॅक-लाट. आणि डॅकच्या, म्हणजे आवाज स्पीकरकडे पाठवणाऱ्या चौकोनाच्या, आधी आवाज कमी करायला ०.१ ने गुणायचं हे पहिल्याच पानावर ठळक लिहा, पोरांच्या कानात हेडफोन असतात.