‘फिक्स्ड अँकर’ आणि ‘इन्स्टॉलेशन’ला मराठीत काय म्हणावं?

आडवाट:
गिर्यारोहणाच्या एका वार्षिकासाठी लेख लिहितोय. विषय: अमेरिकेत योसेमिटीसारख्या ठिकाणी कड्यांवर बोल्ट मारू द्यायचे की नाही. दोन शब्दांवर गाडी अडलीय. ‘फिक्स्ड अँकर’ला, म्हणजे दोर अडकवण्यासाठी कड्यावर कायम ठेवलेल्या बोल्टसारख्या आधाराला, ‘स्थिर नांगर’ लिहिलं, तर अर्धे वाचक कड्यावर गलबत शोधतील आणि उरलेले बैल. ‘इन्स्टॉलेशन’ला तूर्त ‘बांधकाम’ लिहून ठेवलंय. चालेल का?

कातळवेडा:
नांगर नकोच. सुळक्यांवर जाणारी आपली पोरं सरळ ‘बोल्ट मारला’ म्हणतात. ‘मेख’ छान शब्द आहे, पण तो पिटॉनला. पिटॉन असलेल्या फटीत ठोकतात. बोल्टसाठी कातळात आधी भोक पाडावं लागतं. करंगळीएवढंच, पण बुजत नाही ते. शिवाय दोर लावून उतरताना झाडाला गुंडाळून मागे सोडलेली पट्टीसुद्धा फिक्स्ड अँकरमध्येच येते. तिला मेख कसं म्हणणार? ‘कायम अँकर’ लिहा, सगळ्यांना कळेल.

शब्दखोर:
अँकरचं पटलं. ‘बांधकाम’ मात्र आधी खोडा. १९६४ च्या विल्डरनेस ॲक्टमध्ये, म्हणजे निसर्गाच्या स्वाधीन राखलेल्या मुलखासाठीच्या अमेरिकी कायद्यात, ‘स्ट्रक्चर ऑर इन्स्टॉलेशन’ असे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत आणि दोन्हींना मनाई आहे. बांधकाम म्हणजे त्यातलं स्ट्रक्चर. खरा तंटा दुसऱ्या शब्दाचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिस आणि फॉरेस्ट सर्व्हिस यांनी मसुदे काढले, त्यांत कायम अँकरला इन्स्टॉलेशन धरलं होतं. म्हणजे मुळात मनाई, आणि ठेवायचाच तर गरज तपासून, अपवाद म्हणून. आरोहक खवळले. आता तुम्ही ‘बांधकाम’ लिहिलंत, तर वाचक म्हणणार, बोटभर लोखंडाला कसलं आलंय बांधकाम! सरकारी बाजू पहिल्याच ओळीत हरली. उलट ‘बसवलेली वस्तू’ लिहिलंत, तर बोल्ट बसवतातच की. आरोहक हरले.

आडवाट:
आणि ‘प्रतिष्ठापना’?

शब्दखोर:
ती गणपतीची. त्याला निदान दीड दिवसाने उठवतात तरी.

कातळवेडा:
थोडं अवांतर. आरोहक वॉरन हार्डिंग आणि सोबत्यांनी १९५८ मध्ये योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्याची ‘नोज’ ही वाट सर केली, तेव्हा सव्वाशे बोल्ट मारले होते. शेवटच्या पुढे झुकलेल्या टप्प्यावर हार्डिंग रात्रभर ठोकत होता, एका रात्रीत २८. सगळे हाताने! आजही विल्डरनेसमध्ये मोटरवर चालणाऱ्या साधनांना बंदी आहे, त्यामुळे ड्रिल हाताचंच. एक हात पंचावर, म्हणजे भोक पाडायच्या पोलादी दांडीवर, दुसऱ्यात हातोडी. दोन घाव घालायचे, पंच थोडा फिरवायचा, भोकातली भुकटी फुंकून काढायची, पुन्हा घाव. ग्रॅनाइटमध्ये एका भोकाला अर्धा तास सहज जातो. हार्डिंगच्या वेळी तो कायदा नव्हता, आणि योसेमिटीचा सुमारे ९४ टक्के भाग विल्डरनेस ठरला तो १९८४ मध्ये. म्हणून ‘बोल्ट मारणे’ आणि ‘बोल्ट बदलणे’ हे दोन शब्दप्रयोग लेखात वेगळे ठेवा. गंजलेला जुना बोल्ट काढून त्या जागी नवा घालायलाही परवानगी हवी का, यावर तिकडे डोकी तापली होती.

आडवाट:
‘विल्डरनेस’ला ‘अभयारण्य’ केलंय, तेही चुकलं?

शब्दखोर:
चुकलं. अभयारण्य आपल्या कायद्यात प्राण्यांसाठी आहे. तिकडच्या व्याख्येत माणूस हा पाहुणा, येऊन जाणारा, मुक्कामाला न राहणारा. ‘रान’ मला आवडतं, पण देशावर ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय. ‘राखीव रान’ करून बघा.

आणि शेवट २०२३ वर करू नका. ४ जानेवारी २०२५ ला एक्सप्लोर ॲक्टवर सही झाली. त्यात म्हटलंय की विल्डरनेस कायदा पाळून केलेलं आरोहण, कायम अँकर बसवणं, वापरणं आणि दुरुस्त करणं धरून, हा तिथला ‘अप्रोप्रिएट यूज’ आहे. बोल्ट इन्स्टॉलेशन आहे की नाही, याला त्या कलमाने हातच लावलेला नाही. म्हणून माझं मत, शब्दावरच भांडण असेल तर तो मूळ शब्द अवतरणात तसाच ठेवायचा आणि दोन्ही बाजू त्याचा काय अर्थ लावतात ते खाली दोन ओळींत सांगायचं.

आडवाट:
‘बांधकाम’ खोडलं. ‘अप्रोप्रिएट यूज’ला ‘रास्त वापर’?

कातळवेडा:
रास्त म्हटलं की मला धान्य दुकान आठवतं. ‘उचित’ करा.