वीस बाय पंधराचं अंगण आणि बहाव्याचा हट्ट

खुरपं

गेल्या आठवड्यात या मंचावरच्या एका धाग्यात टेकडीकरांनी लिहिलं होतं की घरापुढे हातभर माती असली तरी देशी झाडच लावावं: बहावा, तामण, पळस, पांगारा यांतलं एखादं. देवचाफा, टिकोमा, टॅबेबुया असली परदेशी झाडं लावणारे म्हणे 'नर्सरीछाप हौशी'. तिथे उत्तर द्यायला बसलो तर ते इतकं वाढलं की वेगळा धागा काढतोय.

मी नाशिकला रो हाऊसमध्ये राहतो. पुढची जागा वीस फूट बाय पंधरा. त्यातून पायऱ्या, दोन गाड्या आणि पाण्याची जमिनीतली टाकी वजा करा. उरतं ते एका पलंगाएवढं. २००९ साली असल्याच एका देशीप्रेमी मित्राचं ऐकून मी तिथे बहावा लावला, भिंतीपासून तीन फुटांवर. पहिली चार वर्षं तो छत्रीच्या काडीसारखा उभा होता. बायको म्हणायची, मेला असेल, उपटा. मग जो सुटला तो थेट गच्चीला लागला. आठव्या वर्षी फुलला. एप्रिलअखेरीस पान नाही, नुसती पिवळी झुंबरं. रस्त्यावरचे लोक थांबून फोटो काढायचे आणि मी खिडकीत उगाच उभा राहायचो. हे सगळं कबूल.

पण हा सोहळा पंधरा-वीस दिवसांचा. बाकीचं वर्ष माझं. हात-हात लांब काळ्या शेंगा रात्री शेजारच्या पत्र्यावर पडतात. पहिल्यांदा त्यांनी चोर समजून दिवे लावले, आता नुसतं माझं नाव घेतात. शेंग गाडीखाली चिरडली की त्या काळ्या गराचा वास दुपारपर्यंत फरशीवर. शेजाऱ्यांच्या सोलरवर तीननंतर सावली. तीन वर्षांपूर्वी फांद्या तारांना लागल्या, तेव्हा वीजवाले आले आणि रस्त्याकडचं अर्धं डोकं उडवून गेले. आता उरलेलं अर्धं घराकडे कललंय. काढावं म्हटलं तर १९७५चा झाडांचा कायदा. झाड आपल्या जागेतलं असलं तरी परवानगी लागतेच. बरोबर आहे कायदा, तक्रार नाही. तक्रार आहे ती लावताना हे कुणी सांगत नाही याची.

त्यामुळे माझं सरळ म्हणणं: छोट्या जागेत झाडाचं कूळ विचारू नका, पंधराव्या वर्षीचं अंग विचारा. माझ्या मागच्या बोळात देवचाफा आहे. एकाच्या बागेतून कोपरभर फांदी आणली, चीक सुकेपर्यंत आठ दिवस सावलीत ठेवली, खड्ड्यात खोचली. दुसऱ्या उन्हाळ्यात फुलं. आज दहा फुटांवर आहे, भिंतीला तडा नाही, आणि थंडीत पानं गाळतो म्हणून तेव्हा बोळात ऊन येतं. मेक्सिकोचा असला तर असो.

टेकडीकर

माझं अर्धं वाक्य उचललंत. 'जागा पाहून' असे दोन शब्द तिथे होते, ते गाळून नऊशे शब्दांची जिलबी पाडलीत.

पंचवीस-तीस फुटांचं झाड भिंतीपासून तीन फुटांवर लावलं तुम्ही आणि दोष बहाव्याचा? तो बिचारा जंगलात वाढतो तसाच वाढला. उद्या हत्ती पाळाल आणि म्हणाल दार लहान पडतंय.

दुसरं. तुमच्या बहाव्याच्या कोवळ्या पानांवर पावसाळ्यात हिरव्या अळ्या येतात त्या पाहिल्यात कधी? त्यांचीच ती पिवळट पांढरी फुलपाखरं होतात. चाफ्याच्या फुलात मधच नसतो. नुसता वास सोडून पतंगांना गंडवतो. येणारा उपाशी परत जातो. असलं झाड 'आटोपशीर' म्हणून मिरवायचं असेल तर जरूर मिरवा. आम्ही पुण्यात टेकड्यांवर वनीकरणात लावलेल्या ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाचे परिणाम रोज बघतो. तोही 'चटकन वाढतो, त्रास नाही' म्हणूनच लावला होता कुणीतरी.

खुरपं

ग्लिरिसिडियाचं वनीकरण आणि माझा बोळातला एक चाफा यांत तुम्हाला फरक दिसत नसेल तर नमस्कार. आणि देशीचं एवढंच असेल तर दसऱ्याला दाराला झेंडू लावू नका. तोही मेक्सिकोचाच. सीताफळही खाऊ नका.

बोरूबहाद्दर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सातारची सून

तुम्ही दोघं भांडा, पण लहान जागेसाठी आपट्याचं नाव कुणीच कसं घेत नाही? आमच्या दारात सासऱ्यांनी लावलेला आहे. वय वीसच्या पुढे, उंची जेमतेम बारा फूट. वाकडातिकडा वाढतो, तेच त्याचं रूप. देशी आहे, पाणी मागत नाही, मुरमातही जगतो.

एकच संकट. दसरा. आदल्या रात्रीपासून लोक येतात. पानं मागितली तर मी ओंजळभर देते हो! पण गेल्या वर्षी पहाटे चारला कडकड आवाज आला म्हणून बाहेर आले, तर एक गृहस्थ आमच्या कठड्यावर उभे राहून मनगटाएवढी फांदी पिरगाळत होते. मला बघून खाली उतरले, हातातली दोन पानं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, 'वहिनी, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.' फांदी घेऊन गेले!

प्राजक्ताची आई

सातारच्या ताई, तुमच्याकडे वर्षातून एक दिवस. आमच्याकडे ऑगस्टपासून दिवाळी संपेपर्यंत रोज. दारात पारिजातक आहे. छोट्या अंगणासाठी उत्तम झाड, छाटलं की आटोपतं, उन्हाळ्यात जरा भकास दिसतं आणि पावसात सुरवंट येतात तेवढं सोडा. पडलेली फुलं वेचली तर माझी हरकत नाही. पारिजातकाची खाली पडलेली फुलंच देवाला चालतात, मग वेचायला यावंच लागेल. पण ही मंडळी गेट उघडून आत येतात आणि बुंधा धरून गदागदा हलवतात. कळ्यासुद्धा पडतात. मी साडेसहाला बाहेर येते तेव्हा माझ्या देवाला सात फुलं उरलेली असतात. मोजलीत.

पहाटफेरी

देवासाठी चार फुलं घेतली तर एवढा कांगावा? फुलं काय तुम्ही बनवलीत? आमची आजी म्हणायची, चोरून आणलेलं फूल देवाला जास्त आवडतं.

प्राजक्ताची आई

आजीला विचारा, देवाला पोलीस ठाणं कसं वाटतं.

जास्वंद दुखावलेली

चार फुलं?? आमच्या गल्लीत येणाऱ्या काकांच्या हातात सायकलच्या तारेचा आकडा बांधलेली काठी असते आणि दुसऱ्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी. पिशवी भरते. एवढी फुलं कोणत्या देवाला लागतात? ३३ कोटींना एकेक वाहतात की काय? मी 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी फुलं गेली आणि पाटीला एक जास्वंद खोचलेली होती.

पहाटफेरी

पाट्या लावायची वृत्तीच दाखवते. पूर्वी शेजारधर्म होता. आमच्या वाड्यात कण्हेर, अनंत, तगर होती, सगळी आळी फुलं न्यायची. कुणी हिशेब मागितला नाही.

खुरपं

मंडळी, धागा लहान जागेतल्या झाडांचा आहे. फुलचोरांसाठी वेगळा काढा.

जास्वंद दुखावलेली

छोट्या जागेत झाड रस्त्यालगतच येतं, म्हणून चोरलं जातं. विषयाला धरूनच आहे.

वाडीवाला

(दापोलीकडे छोटी रोपवाटिका आहे, आधीच सांगतो म्हणजे 'धंदा करायला आला' म्हणायला नको.)

दोघांच्याही बोलण्यात अर्ध-अर्धं खरं आहे. दुकानात येणारं गिऱ्हाईक मात्र दोघांच्याही पलीकडचं. परवा एक जोडपं आलं. झाड असं हवं: वर्षभर फुललेलं, पानं न गळणारं, मुळं न पसरणारं, अळी न पडणारं, पाणी आठवड्यातून एकदा, आणि वास 'माइल्ड'. मी म्हटलं, चौकातल्या मॉलमध्ये प्लॅस्टिकचं मिळतं. रागावून गेले.

घेण्याआधी एवढं विचारा: रोप बियांचं की कलमाचं? सोनचाफ्यात हा फरक जमीन-अस्मानाचा. बियांचा लावलात तर फुलांची वाट आठ-दहा वर्षं बघाल आणि शेवटी झाड तीन मजले वर जाईल, फुलं कावळ्यांना. कलमी दीड-दोन वर्षांत फुलतो, आणि दरवर्षी छाटलात तर हाताला येईल एवढाच राहतो. कलमाच्या सांध्याखालून फूट आली तर ती मात्र काढत राहा, नाहीतर पाच वर्षांनी कलम मेलेलं असतं आणि तुम्ही रानटी झाड सांभाळत असता.

आणि नावांवर जाऊ नका. आमचेच धंदेवाले टोकाला फणा काढलेल्या पानांचा पांढरा चाफा 'नागचाफा' म्हणून विकतात. तो देवचाफ्याचा अमेरिकेकडचा भाऊ. खरा नागचाफा वेगळाच, जंगलातला उंच वृक्ष, लाकूड लोखंडासारखं. एका गुरुजींनी माझ्याशी अर्धा तास वाद घातला होता.

बहावा वीस बाय पंधरात मी कुणाला देत नाही. तामणही नाही. तामण राज्यफूल आहे, पण मुळात ओढ्याकाठचं झाड, त्याला पाणी आणि पसरायला जागा लागते. देशीच हवं तर कुंती द्या म्हणतो. दहा-बारा फूट, पाऊस पडून गेला की आठवड्याभरात पांढरं होतं, आणि लिंबाच्याच कुळातलं असल्याने टेकडीकरांची फुलपाखरंही येतील.

टेकडीकर

कुंती मान्य. कुडाही सुचवा की. पांढरा कुडा सह्याद्रीत कुठेही दिसतो, लहानखुरा, एप्रिल-मेमध्ये सुगंधी फुलं. पण रोपवाटिकेत मागितला तर विचारतात 'म्हणजे काय?'

वाडीवाला

ठेवला होता. तीन वर्षांत चार रोपं गेली. त्यातली दोन तुमच्यासारख्यांनी तासभर भाषण ऐकवून, घासाघीस करून नेली.

बर्फातली बाग

इकडे न्यू जर्सीत माझा पारिजातक कुंडीत आहे, ऑक्टोबरात थंडी पडू लागली की दिवाणखान्यात येतो. रात्री फुलला की सकाळी गालिच्यावर सडा. कुणी चोरायला येत नाही. यावं असं वाटतं कधी कधी.

पहाटफेरी

बघा! कदर करणारे किती लांब आहेत.

प्राजक्ताची आई

तुम्ही जा ना तिकडे. काठी घेऊन.

खुरपं

टेकडीकर, एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्या. तुमच्या स्वतःच्या दारात कोणतं झाड आहे?

टेकडीकर

आमची सोसायटी आहे. आवारात सातवीण आहे. देशी.

खुरपं

आणि ऑक्टोबरात?

टेकडीकर

ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी सातनंतर खिडक्या बंद असतात. आईला त्या वासाने डोकं चढतं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दरवर्षी सचिवांना अर्ज देतात. ते झाड बारा वर्षांपूर्वी मीच सभेत भांडून लावून घेतलं होतं. झालं समाधान? देशी झाड सुद्धा चुकीच्या जागी लागू शकतं, हे मान्य. चाफ्यात मध नसतो हे तुम्ही अजून मान्य केलेलं नाही.

खुरपं

चाफ्यात मध नसतो. मान्य. पावसाळ्याच्या शेवटी पानांच्या मागे तांबेरा येतो, बोट लावलं तर केशरी पूड लागते, हेही फुकटात कबूल करतो. पण माझ्या बहाव्याचं काय करू ते पाच डझन प्रतिसादांत कुणी सांगितलेलं नाही.

वाडीवाला

आधी अतिशयोक्ती छाटा. मग घराकडची जड फांदी, एकदम नाही, दोन वर्षांत. बुंध्याशी जोड असते तिथली गाठ सोडून कापायची, खुंटी ठेवायची नाही. आधी खालून थोडं कापा, मग वरून, नाहीतर फांदी साल सोलत खाली येईल. फुलं येऊन गेल्यावर, पाऊस जोरात सुरू व्हायच्या आत. आणि छाटणीलाही परवानगी काढा. शेंगा हिरव्या असतानाच जमतील तेवढ्या काढल्यात तर शेजाऱ्यांची झोपही वाचेल.

खुरपं

हे २००९ला भेटायला हवे होतात.

टेकडीकर

२००९ला तुम्ही ऐकलं असतंत?

सातारची सून

दसरा झाला, म्हणून सांगायला आले. यंदा मी आदल्या संध्याकाळी बाजारातून आपट्याच्या पाच जुड्या आणल्या, गेटला टांगल्या आणि वर पुठ्ठा लावला: 'सोनं. घेऊन जा.' सकाळी पाचही जुड्या गायब, पुठ्ठाही. झाडाला मात्र हात लागलेला नाही.

उन्हात बसून उरलेलं एक पान बघितलं. तळहाताएवढं, पातळ. आमच्या आपट्याचं पान त्याच्या निम्मंही नसतं आणि रुंदीला जास्त, हाताला जाड लागतं. बाजारवाल्याने मला कांचन दिला होता आणि सगळ्या गल्लीने तोच लुटला.

टेकडीकर

कांचनही देशीच आहे.