मदत हवी आहे: छेद घेताना गटापर्चा फटीवर पसरतो

एंडो_प्रबंध: रूट कॅनाल करून गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरलेल्या दातांच्या मुळांचे आडवे छेद घेत आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सीलर (गटापर्चाभोवतीची फट बुजवणारा लेप) आणि डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) यांमधली कड स्पष्ट दिसायला हवी. पण दर वेळी गटापर्चा एका बाजूला ओढला जाऊन दुधावर साय धरावी तसा फटीवर पसरतो. आठवड्याभरात मार्गदर्शकांना छायाचित्रे दाखवायची आहेत. कृपया लवकर सांगा.

जुना_दंतवैद्य: कशाने कापलेत? पाणी होते का? सीलर कोणता, आणि तो घट्ट व्हायला किती वेळ दिलात?

एंडो_प्रबंध: कार्बाइड बरने (दात कोरायच्या फिरत्या टोकाने), पाणी अधूनमधून सिरिंजने सोडून. सीलर एपॉक्सी रेझिनचा आहे. दुसऱ्याच दिवशी कापले.

प्रकाशरेषा: बर सोडा आणि एर्बियम-यॅग लेझर वापरा. डेंटिनवर भुकटीचा लेप उरत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

जुना_दंतवैद्य: डेंटिनपुरते ते मान्य आहे. परंतु 2940 नॅनोमीटरचा तो किरण मुख्यतः पाण्यात शोषला जातो आणि गटापर्चात पाणी नसते. तिथे उरते ती केवळ उष्णता. साधारण 42 ते 49 अंश सेल्सिअसला गटापर्चाची स्फटिकरचना बदलू लागते आणि साठ अंशांच्या आतच तो पार मऊ पडतो. पाणी अखंड नसेल तर बरच्या घर्षणानेही तेच घडते, आणि तुमची ‘साय’ तिथूनच येते.

शल्यमार्ग: शस्त्रक्रियेत मुळाचे टोक 3 मिलिमीटर कापावे आणि काप शक्यतो दाताच्या अक्षाला काटकोनात ठेवावा, म्हणजे उघड्या पडणाऱ्या डेंटिन-नलिका कमी राहतात. नंतर एमटीए (एक दंत-सिमेंट) भरावे.

जुना_दंतवैद्य: तो मुद्दा योग्य आहे, पण इथे प्रश्न प्रयोगशाळेतल्या छेदांचा आहे. एंडो_प्रबंध, नवे नमुने 37 अंशांना, पूर्ण आर्द्रतेत आठवडाभर ठेवा. मग रेझिनमध्ये बसवून, मंद गतीच्या डायमंड डिस्कने, अखंड पाण्याखाली, दाब न देता कापा आणि उत्तरोत्तर बारीक सिलिकॉन कार्बाइड कागदावर ओले घासा. आणखी एक: इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या निर्वातात डेंटिन सुकून नव्या भेगा पडतात, म्हणून आधी पृष्ठभागाचा सिलिकोन ठसा घेऊन त्याची एपॉक्सी प्रतिकृती तपासा, नाहीतर त्या भेगाही गळतीच्या फटी म्हणून मोजल्या जातील.

एंडो_प्रबंध: आठवडा थांबण्याआधी जुन्याच दोन नमुन्यांवर डिस्क चालवून पाहिली. एकात सीलरची कड प्रथमच सलग दिसली. दुसऱ्यात डिस्क बाहेर पडली त्या बाजूला अजून गटापर्चाची केसाएवढी शेपटी आहे. ती घासण्याने जाईल, की पुन्हा फटीत दाबली जाईल?