एफ-१ इंजिन : पराक्रम की नुसती धिप्पाड ताकद?

शिलेदार :
श्री. कुतूहल यांनी काल लिहिले की, माणसाला चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचे एफ-१ इंजिन म्हणजे अंगापेक्षा बोंगा मोठा, खरी बुद्धी सोव्हिएत इंजिनांत होती, आणि अमेरिकेने तर आराखडेही हरवले. एका दमात इतके अज्ञान क्वचितच वाचायला मिळते. एवढ्या मोठ्या कक्षात केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन स्थिरपणे जाळता येईल की नाही, हेच तेव्हा ठाऊक नव्हते. जून १९६२ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड्स हवाई तळावरील चाचणीत ज्वलनाच्या अस्थिरतेने एक इंजिन नष्ट झाले. त्यानंतर हे इंजिन बनवणाऱ्या रॉकेटडाइन कंपनीच्या अभियंत्यांनी इंजेक्टरवर (कक्षात इंधन फवारणाऱ्या तबकडीवर) आडपडदे बसवले, चालू इंजिनात मुद्दाम छोटे स्फोट घडवले आणि उठलेली कंपने क्षणार्धात शमेपर्यंत रचना बदलत राहिले. पुढे १३ उड्डाणांत ६५ इंजिने वापरली गेली. त्यांपैकी एकही दगावले नाही.

कुतूहल :
चिकाटीबद्दल वाद नाही. परंतु टर्बोपंप (इंधन आणि ऑक्सिजन कक्षात ढकलणारा पंप) फिरवून झालेला वायू एफ-१ मुख्य कक्षात न जाळता नोझलमध्ये सोडून देत असे, तर सोव्हिएत रचनाकार कुझनेत्सोव्हची इंजिने तोच वायू कक्षात परत नेत. म्हणूनच समुद्रसपाटीवर एफ-१ चा विशिष्ट आवेग (इंधनाच्या काटकसरीचे माप; जितका जास्त तितका चांगला) सुमारे २६३ सेकंद, तर कुझनेत्सोव्हच्या एनके-३३ चा सुमारे २९७. पुढे अमेरिकेलाच अ‍ॅटलस रॉकेटसाठी रशियन आरडी-१८० इंजिन विकत घ्यावे लागले, हे आपण सोयीस्करपणे विसरता.

शिलेदार :
आणि आपण कुझनेत्सोव्हच्याच इंजिनांचे सोव्हिएत चंद्ररॉकेट एन-१ विसरता! पहिल्या टप्प्यात ३० इंजिने, चार उड्डाणे, चारही अपयशी. इंजिनांच्या काही झडपा एकदाच चालणाऱ्या असल्याने चाचणी झालेले इंजिन उडवता येत नसे. म्हणून तुकडीतील काही नमुने तपासून उरलेली बसवली जात. संपूर्ण पहिला टप्पा जमिनीवर कधी पेटवलाच नाही.

कुतूहल :
तो दोष इंजिनाच्या चक्राचा, म्हणजे वायू कक्षात परत नेण्याच्या पद्धतीचा, नव्हे. इंजिनांचे रचनाकार ग्लुश्को आणि एन-१ चे प्रमुख रचनाकार कोरोल्योव्ह यांचे इंधनावरून बिनसले, पैसा अपुरा पडला.

जुना फिटर :
आराखड्यांचे बोला. ते मायक्रोफिल्मवर आहेत. २०१३ मध्ये नासाच्या मार्शल केंद्रात एफ-१ चा गॅस जनरेटर (टर्बोपंप फिरवणारा वायू तयार करणारा भाग) पुन्हा पेटवलाही गेला. इंजिन पुन्हा बनवण्यात खरी अडचण वेल्डिंगची आहे. आमच्या पंपांच्या कारखान्यात एक ज्येष्ठ वेल्डर निवृत्त झाले. नकाशे तेच, मशीन तेच, तरी नंतरचे जोड गळू लागले, कारण ते कोणत्या क्रमाने टाके घालत हे कुणी लिहून ठेवले नव्हते. व्यवस्थापनाने मात्र सल्लागार नेमला आणि दोष नव्या मुलांवर टाकला.

कुतूहल :
आपल्या व्यवस्थापनाचे रडगाणे चंद्रमोहिमेत कशाला?

जुना फिटर :
कारण एफ-१ मध्येही हजारो जोड हातानेच झाले होते, महाशय. कागदावरून इंजिन बनते असे मानणाऱ्याने निदान एकदा तरी टॉर्च हातात धरावा.

शिलेदार :
फिटरसाहेबांशी सहमत. आराखडे 'हरवले' म्हणणाऱ्यांनी आता काय म्हणावे?

कुतूहल :
आराखडे सुखरूप आहेत, अभिनंदन! आता त्यांवरून एक इंजिन बनवून दाखवा. आणि हेही सांगा की, मार्च २०२५ मध्ये महेंद्रगिरीत ज्याच्या पॉवर हेडची (पंप इत्यादी भागांच्या संचाची) चाचणी झाली, त्या आपल्या अर्ध-शीतजनक (केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर चालणाऱ्या) इंजिनासाठी इस्रोने एफ-१ चे चक्र का निवडले नाही?

शिलेदार :
निवडायला हवेच होते असे कोण म्हणाले? एफ-१ इंधन उधळत असे, हे मान्य. पण इस्रोच्या हाताशी आज सहा दशकांचे संगणक आणि रशियन धडे आहेत. १९६२ मध्ये यांतले काय होते, ते आपणच सांगा.