६५०० एक्सटी नको, ६६०० बघा

तुम्ही लिहिलंय की मदरबोर्ड बी४५० आहे, प्रोसेसर रायझन ५ ३६००, मॉनिटर १०८० पी (फुल एचडी) आणि पैसे वाचवायला आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचा विचार आहे, तर मी म्हणेन तो विचार सोडाच. ते कार्ड पीसीआयईच्या (ज्या स्लॉटमध्ये कार्ड बसतं त्याच्या) फक्त ४ लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, वापरतं, आणि कार्ड जेन ४ चं असलं तरी बी४५० वर त्या जुन्या जेन ३ च्या स्पीडने चालतात म्हणजे रस्ता निम्माच झाला ना, त्यात मेमरी ४ जीबी, ती भरली की गेम अडखळायला लागतो. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ पाठवण्यासाठी लहान करणारा भाग) नाही, म्हणजे पुढेमागे स्ट्रीमिंग करायचं म्हटलं तर सगळा भार प्रोसेसरवर.

त्यापेक्षा थोडं थांबा, पैसे जमवा आणि आरएक्स ६६०० घ्या. त्याला ८ लेन, ८ जीबी मेमरी आणि १३२ वॅटच लागतात, १०८० पी ला मस्त चालतं. जुनं आरटीएक्स ३०६० चांगलं मिळालं तर तेही बघा, पण १२ जीबीचंच, ८ जीबीवालं हळू आहे.

आणि हो, पॉवर सप्लाय आधी उघडून बघा. माझ्या भावाने कार्ड आणलं, कॅबिनेट उघडलं तर सप्लायला कार्डाला वीज देणारी ६+२ पिनची वायरच नाही, दुकानदाराने सोबत मोलेक्सचा (जुन्या ४ पिनच्या प्लगचा) कन्व्हर्टर दिला होता, दोन आठवड्यांत त्याचं प्लास्टिक पिवळं पडून वास यायला लागला. स्लॉटमधून ७५ वॅटच मिळतात, बाकीचे त्या वायरीतूनच येतात, तिथे जुगाड अजिबात करू नका. सप्लायवरचं लेबल वाचून १२ व्होल्टला किती अँपिअर आहेत ते इथे टाका, मग सांगतो.